घरच्या शाळेत जुने चित्रपट आणि जुनी आकाशवाणी: गोव्यातील पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ या बोलपटातील ‘आधी बीज एकले’ हे पद अनेक जण आजही तुकारामांचा अभंग समजतात. प्रत्यक्षात ते शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिले, आणि ते इतके अस्सल उतरले की त्याचा कर्ता कोण हा प्रश्नच बहुतेकांना पडला नाही. घरी शिकणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे पद ऐकवावे, काही न सांगता गाथा हातात द्यावी आणि ते शोधायला लावावे. पद सापडत नाही हे लक्षात आल्यावर त्याच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, त्यांच्यासाठीच जुने चित्रपट आणि जुने रेडिओ कार्यक्रम अभ्यासात आणायचे असतात. सतराव्या शतकातील देहू या चित्रपटातून कळेलच असे नाही. परंतु १९३६ मधील पुण्याच्या कलावंतांना आणि प्रेक्षकांना तुकाराम कसे दिसत होते, हे मात्र नक्की कळते. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने मांडल्या आहेत: जुनी कलाकृती जो काळ रंगवते त्याच्यापेक्षा ती ज्या काळात घडली त्याची साक्ष अधिक भरवशाने देते, आणि मुलाला ही साक्ष तपासायला शिकवायचे आहे.

अभ्यासक्रमात जागा आधी ठरवावी

शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये घरी शिकण्याची स्वतंत्र तरतूद नाही. त्यामुळे घरी शिकवणारी अनेक कुटुंबे पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचा मार्ग धरतात. या संस्थेच्या माध्यमिक परीक्षेसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे त्याआधीची वर्षे तुलनेने मोकळी असतात. या मोकळेपणाचा एक तोटा असा की चित्रपट पाहणे हे ‘आज कंटाळा आला आहे’ यावरचे औषध बनते. म्हणून वर्षाच्या आरंभीच कोणता चित्रपट किंवा कार्यक्रम कोणत्या विषयाच्या कोणत्या भागासाठी वापरायचा, हे एका पानावर लिहून काढावे. भाषा, इतिहास आणि नागरिकशास्त्र यांची सांगड सहज बसते. गणित आणि विज्ञान यांचीही बसते, ती कशी हे पुढे येईल. बक्षीस म्हणून चित्रपट दाखवू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मग मूल त्याकडे अभ्यास म्हणून पाहतच नाही आणि प्रश्न विचारला की त्याला फसवल्यासारखे वाटते.

निवड आणि तयारी

प्रत्येक गोष्ट पालकाने आधी स्वतः पूर्ण पाहावी किंवा ऐकावी, आणि पाहताना वेळेची नोंद करावी: अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंत कोणता प्रसंग आहे. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी दहा मिनिटांचा तुकडा पुरतो, बारा वर्षांच्या मुलासाठी वीस ते पंचवीस मिनिटांचा. संपूर्ण चित्रपट एका बैठकीत दाखवण्याचा मोह टाळावा. जुन्या बोलपटांची गती संथ असते, गाणी लांब असतात आणि संवाद नाटकी ढंगात बोलले जातात. गोव्यातील मुलांना हा ढंग अगदीच परका नसतो, कारण देवळाच्या जत्रेतील नाटक किंवा दशावतार त्यांनी पाहिलेला असतो; त्याची आठवण करून दिली की ‘हे लोक असे का बोलतात’ ही तक्रार पुष्कळशी मावळते.

आवाजाचा प्रश्न मात्र खरा आहे. जुन्या ध्वनिमुद्रणात खरखर असते, आणि जून ते सप्टेंबरमध्ये पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपरावर पाऊस कोसळत असताना संवाद कळणे कठीण जाते. म्हणून रेडिओ कार्यक्रम हिवाळ्यासाठी ठेवावेत आणि पावसाळ्यात मूकपट घ्यावेत. वीज जाण्याचा संभव लक्षात घेऊन फीत आधी उतरवून ठेवण्याची सोय अधिकृत संकेतस्थळावर असेल तर ती वापरावी. प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र इअरफोन देण्यापेक्षा एक छोटा स्पीकर मध्ये ठेवणे बरे, कारण मधेच थांबवून बोलता आले पाहिजे. रंग भरलेल्या आवृत्त्या टाळाव्यात. मूळ कृष्णधवल छायाचित्रणात प्रकाश आणि सावलीने जे सांगितलेले असते ते नंतर चढवलेल्या रंगात हरवते.

आरंभ मूकपटापासून

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. मूळ चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती. आज त्यातील सुमारे १,४७५ फूट उपलब्ध आहे. काही अभ्यासकांच्या मते तो भागही १९१३ चा नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा आहे. पहिल्याच पाठासाठी याहून चांगली सामग्री मिळणार नाही.

प्रथम हा तुकडा काहीही न सांगता दाखवावा. नंतर मुलाला पात्रांची यादी करायला सांगावी. तारामतीची भूमिका कोणी केली असेल, हा प्रश्न त्यानंतर विचारावा. ती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण पडद्यावर यायला त्या काळी स्त्रिया मिळत नव्हत्या. साळुंके उपाहारगृहात काम करत असत. येथे संगीत नाटकातील बालगंधर्वांचा विषय आपोआप निघतो, आणि घरातील आजी-आजोबांना विचारले तर गावच्या रंगमंचावर स्त्रीभूमिका कोण करत असे, याचीही माहिती मिळू शकते.

गणिताचा भाग त्यानंतरचा. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चौकटी बसतात. मूकपटाच्या काळात चित्रणाचा वेग सेकंदाला साधारण १६ चौकटींच्या आसपास असे, म्हणजे एक फूट फीत सरकायला ढोबळमानाने एक सेकंद लागतो. बोलपटात हा वेग २४ चौकटींवर स्थिर झाला. आता मुलाने हिशेब करावा: १,४७५ फूट फीत पहिल्या वेगाने सुमारे साडेचोवीस मिनिटे चालेल, दुसऱ्या वेगाने साडेसोळा मिनिटांच्या आतच संपेल. जुन्या चित्रपटातील माणसे लगबगीने धावल्यासारखी का दिसतात, याचे कारण या भागाकारात आहे. संगणकावर वेग पाऊणपट करून तोच प्रसंग पुन्हा पाहिला की चाल माणसांसारखी होते आणि हिशेबाचा पडताळाही मिळतो.

नऊ वर्षांखालील मुलांसाठी दृश्यांमधील पाट्यांचा मजकूर स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहिणे हा उत्तम भाषाभ्यास आहे. पाटीवर फार शब्द मावत नाहीत, त्यामुळे वाक्य आटोपशीर करावे लागते.

बोलपट: एकच प्रसंग दोनदा

बोलपटासाठी मी सुचवतो ती पद्धत अशी. प्रसंग प्रथम आवाज पूर्ण बंद करून पाहावा, आणि काय चालले आहे याचा अंदाज मुलाने लिहावा. दुसऱ्यांदा आवाजासह पाहावा आणि अंदाज कोठे चुकला ते त्याच्याच शेजारी लिहावे. मध्ये पालकाने स्पष्टीकरण देऊ नये. हे पथ्य पाळणे मुलापेक्षा पालकाला जड जाते.

या पद्धतीसाठी व्ही. शांताराम यांचा १९३७ मधील ‘कुंकू’ फार उपयोगी आहे, कारण त्यात पार्श्वसंगीत वापरलेले नाही. प्रसंगातील नैसर्गिक आवाजांवरच वातावरण उभे केले आहे. बारा वर्षांवरील मुलाने डोळे मिटून पाच मिनिटे ऐकावे आणि ऐकलेल्या आवाजांची यादी करावी. मग आजच्या एखाद्या मालिकेतील पाच मिनिटांशी तुलना करावी, जिथे संगीत क्षणभरही थांबत नाही. कथा अशी की एका तरुण मुलीचे लग्न फसवून वयस्क विधुराशी लावले जाते आणि ती ते मान्य करत नाही. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा होता, जो शारदा कायदा म्हणून ओळखला जातो आणि ज्यात मुलीचे किमान वय चौदा ठरवले होते. गोव्यात त्या वेळी पोर्तुगीजांची सत्ता होती आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कायदा चालत होता. म्हणून ‘कुंकू’मधील नायिका पेडण्याला राहत असती तर तिला कोणता कायदा लागू झाला असता, हा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाला आठवडाभर पुरतो, आणि त्यातून आजच्या गोव्यातील समान नागरी कायद्याचे मूळही सापडते.

लहान मुलांसाठी आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) घ्यावा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. त्यातील घरे, अंगणे आणि माड गोव्यातील मुलाला ओळखीचे वाटतात. मूळ पुस्तकातील एक प्रकरण आधी वाचावे आणि मग तेवढाच प्रसंग पाहावा. काय गाळले आणि काय वाढवले, एवढेच विचारावे.

गोव्याशी जोडणारे चित्रपट

‘शेजारी’ (१९४१) या प्रभातच्या चित्रपटात एका गावातील हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीत धरणाच्या प्रकल्पामुळे फूट पाडली जाते. हा चित्रपट पाहिल्यावर सांगे तालुक्यातील कुर्डीचा विषय घ्यावा. साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेलेले हे गाव मे महिन्यात पाणी उतरले की पुन्हा उघडे पडते, आणि तेथून उठवलेली कुटुंबे आपल्या देवळाजवळ जमतात. गानतपस्विनी मोगुबाई कुर्डीकर याच गावच्या. आधी चित्रपट, मग नकाशा, मग मोगुबाईंचे एखादे ध्वनिमुद्रण, आणि शेवटी उन्हाळ्यात प्रत्यक्ष भेट, असा महिनाभराचा पाठ येथे बसतो. चित्रपटातील धरण हे कथेतील भांडणाचे निमित्त आहे आणि कुर्डीचे धरण हे पाण्याच्या गरजेतून झालेले काम आहे, हा फरक मुलाने स्वतः मांडला पाहिजे; दोन्ही धरणांना एकाच चष्म्यातून पाहू देऊ नये.

मराठी वाचणाऱ्या घरातही कोकणी चित्रपट वगळू नयेत. पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ १९५० मध्ये आला. फ्रँक फर्नांड यांच्या ‘निर्मोण’ (१९६६) ची कथा टेनिसनच्या ‘ईनॉक आर्डन’ या काव्यावर बेतलेली आहे: बोटीवर गेलेला माणूस मेला असे समजले जाते आणि तो परत येतो. तारवटींची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या खलाशांची, परंपरा असलेल्या गोव्यात ही परकी कथा इतकी घरची का वाटली, याचे उत्तर मुलाला आपल्या वाड्यावरच मिळेल; कोणत्या घरातील माणूस बोटीवर होता किंवा आखातात आहे, एवढे विचारले तरी पुरे. इंग्रजी बरे असलेल्या मुलाने मूळ काव्यातील उतारा सोबत वाचावा.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९), म्हणजेच अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट, गोवा मुक्तिलढ्याच्या पार्श्वभूमीवर घडतो. तो मुक्तीनंतर आठ वर्षांनी बनला आहे आणि राष्ट्रीय एकात्मता हा त्याचा हेतू आहे, हे आधी सांगावे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात अनेक जण मारले गेले, त्या घटनेची वृत्तपत्रातील माहिती पणजीच्या पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात शोधता येते. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात मुलाला एकदा तरी न्यावेच. चित्रपटातील प्रसंग एका बाजूला आणि वृत्तपत्रातील मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून वहीचे पान उभे दुभागावे.

कानांचा अभ्यास

रेडिओ अधिक कठीण आहे, कारण आजच्या मुलाला नुसते ऐकत बसण्याची सवय नसते. म्हणून हाताला काम द्यावे. ऐकताना चित्र काढावे, किंवा शेंगा सोलाव्यात. फक्त पडदा समोर नसावा.

‘गीतरामायण’ हे मराठी रेडिओवरील सर्वांत सोयीचे साहित्य आहे. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेली ही मालिका पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे प्रसारित केली. गीते छप्पन्न झाली. वर्षात बावन्न आठवडे असताना छप्पन्न गीते कशी, हे मुलाला शोधू द्यावे. दोन तारखांमधील दिवस मोजले तर ३८४ येतात (१९५६ हे लीप वर्ष होते हे विसरू नये), आणि नेहमीच्या चांद्र वर्षाचे दिवस सुमारे ३५४ असतात. उरलेले तीस दिवस म्हणजे अधिक मास. पंचांग, भागाकार आणि काव्य एकाच पाठात येतात ते असे.

ऐकवण्याची रीतही मूळ प्रसारणासारखीच ठेवावी: आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एकच गीत. पुढचे गीत मागितले तरी देऊ नये. वाट पाहणे हा त्या काळच्या श्रोत्यांच्या अनुभवाचा भाग होता आणि तो समजावून सांगता येत नाही. मूळ प्रसारणात वेगवेगळ्या गायकांनी गीते गायली होती, तर पुढे सर्व गीते फडक्यांच्या आवाजात घरोघर पोचली. दोन्ही ध्वनिमुद्रणे मिळाली तर एकच गीत दोन आवाजांत ऐकून फरक लिहावा.

बारा वर्षांवरील आणि इंग्रजी समजणाऱ्या मुलांसाठी ऑर्सन वेल्स यांनी ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेच्या सीबीएस रेडिओवर सादर केलेले ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे तासाभराचे नभोनाट्य घ्यावे. परग्रहावरील हल्ल्याच्या बातम्या खऱ्या बातमीपत्राच्या ढंगात दिल्याने काही श्रोते घाबरले. देशभर हाहाकार उडाल्याची जी कथा आपण ऐकतो ती मात्र वृत्तपत्रांनी पुष्कळ फुगवली होती. म्हणजे येथे फसवणूक दुहेरी आहे, एक नाटकाची आणि दुसरी त्याविषयीच्या बातमीची. मोबाइलवर फिरणारा एखादा संदेश तपासण्याचा पाठ याच दिवशी घ्यावा.

गोव्याच्या रेडिओचा इतिहास तर स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे. पोर्तुगीज राजवटीत ‘एमिसोरा दे गोवा’ हे केंद्र चालत असे, आणि मुक्तीनंतर आकाशवाणीचे पणजी केंद्र सुरू झाले. त्याच राजवटीविरुद्ध वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेवरील जंगलातून एक गुप्त रेडिओ केंद्र चालवले. ते पोर्तुगीज आणि कोकणी भाषांत बातम्या देत असे आणि डिसेंबर १९६१ पर्यंत चालले. मुक्तीनंतर या दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मुलांनी १८ डिसेंबर १९६१ या एकाच दिवसाची दोन बातमीपत्रे लिहावीत, एक सरकारी केंद्राचे आणि दुसरे गुप्त केंद्राचे. प्रत्येकी दोन मिनिटांचे, म्हणजे वाचायला साधारण अडीचशे शब्दांचे. त्या दिवशी भारतीय विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला होता. ही बातमी कोण देईल, कोण दडवेल आणि कोणत्या शब्दांत, यावर भावंडांमध्ये वाद होऊ द्यावा.

यानंतर स्वतःची श्रुतिका, म्हणजे छोटे नभोनाट्य, करावी. दहा मिनिटांची संहिता, तीन पात्रे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण. आवाज घरातील वस्तूंतून काढावेत: घोड्याच्या टापांसाठी दोन करवंट्या, पावसासाठी सुपात हलवलेले तांदूळ, गडगडाटासाठी पातळ पत्रा, आगीच्या तडतडीसाठी चुरगाळलेला प्लास्टिकचा कागद. संहितेत ‘तो दाराकडे पाहतो’ असे लिहून चालत नाही; जे ऐकू येत नाही ते संवादातून किंवा आवाजातून सांगावे लागते, आणि यातूनच मुलाचे लेखन नेमके होते. मोबाइल तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला धरावा, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’ हे वर्ण फुटतात.

खटकणारा भाग

जुन्या साहित्यात जातीविषयी, स्त्रियांविषयी आणि धर्मांविषयी अशी विधाने येतात जी आज घरात कोणी उच्चारणार नाही. जुन्या हिंदी चित्रपटांत गोव्यातील ख्रिस्ती माणूस फार वेळा दारूच्या बाटलीसह आणि मोडक्या हिंदीसह दाखवला आहे. दहा वर्षांखालील मुलांसाठी असे प्रसंग निवडूच नयेत. मोठ्या मुलांसाठी ते मुद्दाम गाळू नयेत. प्रसंग थांबवून ‘हे कोणासाठी विनोदी होते आणि कोणासाठी नव्हते’ असे विचारावे, आणि शेजारच्या ख्रिस्ती मित्राला तो प्रसंग कसा वाटेल हा विचार करायला लावावा. त्या काळी असेच चालायचे, एवढ्यावर उत्तर संपवू नये, कारण त्या काळीही त्याला विरोध करणारे होते. ‘कुंकू’ हाच त्याचा पुरावा.

आठवडा आणि वही

आठवड्यात दोन बैठका पुरेशा आहेत, एक पाहण्याची आणि एक ऐकण्याची, प्रत्येकी पाऊण तासाची. त्यात प्रत्यक्ष पाहणे-ऐकणे निम्म्याहून कमी असावे. वयात अंतर असलेली भावंडे एकच तुकडा पाहू शकतात, पण काम वेगळे द्यावे: लहानाने चित्र, मोठ्याने तुलना. वहीत प्रत्येक नोंदीवर कलाकृतीचे नाव, ती कोणत्या वर्षी घडली, ती कोणत्या काळाविषयी आहे आणि ती कोणी व कोणासाठी केली, या चार गोष्टी आल्याच पाहिजेत. गुण देऊ नयेत. तीन महिन्यांनी जुनी नोंद मुलालाच वाचायला देऊन आज काय वेगळे लिहिशील, असे विचारावे.

साहित्य कोठून घ्यावे

भारतीय कायद्यानुसार चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचे संरक्षण प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे असते, तर शब्द आणि संगीत यांचे संरक्षण कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. त्यामुळे १९३६ च्या चित्रपटाची फीत मुक्त असली तरी त्यातील एखाद्या गीताचे हक्क अजून शिल्लक असू शकतात. माडगूळकरांचे निधन १९७७ मध्ये झाले, म्हणजे ‘गीतरामायणा’च्या शब्दांचे हक्क २०३७ अखेरपर्यंत आहेत. घरातल्या घरात अधिकृत ठिकाणाहून ऐकण्या-पाहण्यात अडचण नाही; प्रती काढून वाटणे किंवा मुलांच्या श्रुतिकेत मूळ गाणे घालून ती जाहीरपणे प्रसिद्ध करणे टाळावे.

इंटरनेट आर्काइव्हवर जुने अमेरिकी रेडिओ कार्यक्रम मोठ्या संख्येने आहेत. जुन्या भारतीय चित्रपटांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी लेखी संपर्क साधावा. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. चार-पाच कुटुंबांनी मिळून देवळाच्या सभागृहात किंवा वाचनालयात चित्रपट दाखवायचा असेल, तर तिकीट लावलेले नसले तरी त्या चित्रपटाच्या हक्कदाराची परवानगी आधी लेखी घ्यावी आणि ते पत्र मुलांच्याच वहीत चिकटवून ठेवावे.